डायरेक्ट पिअरिंग आणि कंपनीचं इंटरनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, नागपूर अशा शहरांत कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी आणि त्या नेटवर्कचं बिल भरणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. आयएसपीचा, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा सेल्समन ‘आमचं गूगलशी डायरेक्ट पिअरिंग आहे’ म्हणतो तेव्हा त्याला पुढे काय विचारायचं, हे ठाऊक असलेलं बरं.

पिअरिंग म्हणजे नेमकं काय?

इंटरनेट हे हजारो स्वतंत्र नेटवर्क एकमेकांना जोडून तयार झालं आहे. अशा प्रत्येक नेटवर्कला एक क्रमांक असतो, त्याला एएस नंबर म्हणतात. गूगलचा १५१६९, मायक्रोसॉफ्टचा ८०७५, क्लाउडफ्लेअरचा १३३३५, बीएसएनएलचा ९८२९. कोणते आयपी पत्ते कुठल्या वाटेने गाठता येतात, हे ही नेटवर्क बीजीपी नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांना कळवत असतात.

जोडणी मुख्यतः दोन प्रकारची. ट्रान्झिटमध्ये तुम्ही मोठ्या नेटवर्कला पैसे देता आणि ते तुम्हाला जगभरात कुठेही पोहोचवतं. पिअरिंगमध्ये दोन नेटवर्क थेट जोडली जातात आणि फक्त आपापलं व आपापल्या ग्राहकांचं ट्रॅफिक एकमेकांना देतात, मध्ये तिसरं कोणी नसतं. पिअरिंगमधून संपूर्ण इंटरनेट मिळत नाही, समोरच्याचं घर तेवढं मिळतं. त्यामुळे ‘पिअरिंग घेतलं, आता ट्रान्झिट बंद करतो’ असं कोणी म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा.

आमची ५०० एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे. स्पीड टेस्ट पूर्ण येते, तरी मुंबईतल्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर रेंगाळतं. असं का?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा एमबीपीएसमध्ये नसतं, वाटेत असतं.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जायला ५ मिलिसेकंद आणि येऊन-जाऊन १०. पुणे ते मुंबई फायबर दोनशे किलोमीटरच्या आसपास धरलं, मधल्या उपकरणांचा वेळ मिळवला, तरी येऊन-जाऊन ३ ते ५ मिलिसेकंदांत काम व्हायला हवं. पण तुमचा आयएसपी आणि सर्व्हर चालवणारं नेटवर्क यांची भारतात कुठेच गाठ पडत नसेल, तर दोघांची अपस्ट्रीम (म्हणजे त्यांना ट्रान्झिट विकणारी) नेटवर्क जिथे भेटतात तिथे तुमचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, जातो. ते ठिकाण सिंगापूर असू शकतं, कधी युरोपही. मग पुण्याहून निघालेलं पॅकेट मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या केबलने सिंगापूर गाठतं आणि तिथून परत मुंबईत येतं. येऊन-जाऊन ६० मिलिसेकंदांच्या वर. युरोपातून वळसा पडला तर शंभराच्या वर.

आता तुमच्या ईआरपीची, म्हणजे कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची एक स्क्रीन उघडायला डेटाबेसला एकामागून एक २०० प्रश्न विचारावे लागतात असं धरा. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे सर्रास दिसतं. एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरा प्रश्न जात नाही. ४ मिलिसेकंदांच्या वाटेवर हे सगळं ०.८ सेकंदात उरकतं. ६० मिलिसेकंदांच्या वाटेवर १२ सेकंद लागतात. लाइन ५०० ची असो की ५,००० ची, ते १२ सेकंद तसूभरही कमी होत नाहीत.

फाइल कॉपीचंही तसंच. पलीकडून पोच आल्याशिवाय टीसीपी हा डेटा पोहोचवणारा प्रोटोकॉल एका मर्यादेपुढे डेटा सोडत नाही. ही मर्यादा ६४ किलोबाइट असेल तर ६० मिलिसेकंदांच्या वाटेवर एका कनेक्शनला जास्तीत जास्त ९ एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो, ४ मिलिसेकंदांवर १३० च्या आसपास. नव्या ऑपरेटिंग सिस्टिम ही मर्यादा आपोआप वाढवतात, पण जुने फाइल सर्व्हर, व्हीपीएन आणि बॅकअपची साधनं अजूनही तिथेच अडकतात.

स्पीड टेस्ट मात्र पूर्ण येते, कारण टेस्टचा सर्व्हर बहुधा तुमच्याच आयएसपीच्या आत किंवा शेजारी बसलेला असतो.

वाट खरोखर परदेशातून जाते का, हे कसं तपासायचं?

विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींत ट्रेसराउट असतं, ते वाटेतला प्रत्येक टप्पा आणि तिथवरचा वेळ दाखवतं. ज्या सर्व्हरचा त्रास आहे त्याच्या पत्त्यावर ते चालवा आणि प्रत्येक टप्प्याचा वेळ बघा. एका टप्प्यावर वेळ ५ वरून ५५–६० वर उडाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला, तर तिथे समुद्र ओलांडला गेला असं समजायला हरकत नाही. मधल्याच एखाद्या टप्प्यावर आकडा मोठा दिसला आणि पुढे परत लहान झाला, तर तिकडे दुर्लक्ष करा. तो राउटर तुमच्या पिंगला उत्तर द्यायला आळस करतोय, तुमचं ट्रॅफिक अडवत नाहीये.

दोन गोष्टींनी माणूस फसतो. पहिली, आयपी पत्त्यावरून गाव दाखवणाऱ्या वेबसाइट. राउटरच्या बाबतीत त्या अनेकदा चुकतात, कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत म्हणून मुंबईतला राउटरही अमेरिकेत दाखवतात. वेळेच्या आकड्यावर भरवसा ठेवा, नकाशावर नको. दुसरी, परतीची वाट. जाताना पॅकेट मुंबईतून सरळ गेलं तरी येताना ते सिंगापूरमार्गे येऊ शकतं, कारण परतीचा रस्ता समोरचं नेटवर्क ठरवतं. म्हणून शक्य असेल तर सर्व्हरवरूनही उलट ट्रेसराउट घ्या. सकाळी अकरा आणि रात्री नऊ अशा दोन वेळांचे निकाल जपून ठेवा. नुसत्या ‘स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा आयएसपीला हे कागद पाठवलेत तर काम लवकर हलतं.

हे सगळं मुंबईत नेमकं कुठे घडतं?

परदेशातून येणाऱ्या केबलपैकी बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, म्हणून मोठी डेटा सेंटरही मुंबई आणि नवी मुंबईत उभी राहिली. एका छताखाली अनेक नेटवर्क भेटावीत यासाठी इंटरनेट एक्स्चेंज असतं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते म्हणजे इथरनेट स्विचचं एक मोठं जाळं.

भारतात याची सुरुवात २००३ मध्ये निक्सीने केली, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. ना-नफा तत्त्वावरची ही संस्था देशातलं ट्रॅफिक देशातच राहावं, एवढ्यासाठीच निघाली. पण सुरुवातीला तिथे फक्त परवानाधारक आयएसपींना प्रवेश होता आणि जो जास्त डेटा ओढेल त्याने पैसे मोजायचे, असा नियम होता. लहान आयएसपीचे ग्राहक डेटा ओढणारेच असतात. ज्यांना एक्स्चेंजची सर्वाधिक गरज होती त्यांनाच तो नियम महाग पडला, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे नियम सैल झाले आणि मुंबईत खासगी एक्स्चेंजही आली. फ्रँकफर्टच्या डी-सिक्सचं मुंबईतलं एक्स्चेंज आणि एक्स्ट्रीम आयएक्स ही त्यातली ठळक नावं. कंटेंट आणि क्लाउड कंपन्यांना मुक्त प्रवेश मिळाल्यावर चित्र खूप बदललं.

निक्सीने इतर अनेक शहरांतही नोड उघडले आहेत, पण एक्स्चेंजचं मोल तिथे किती आणि कोणती नेटवर्क आहेत यावर ठरतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक कंपन्यांसाठी आजही उत्तर मुंबई हेच आहे.

एक्स्चेंजवर पोर्ट (त्यांच्या स्विचवरची आपली जागा) घेतला की सगळ्यांशी आपोआप जोडणी होते का?

नाही. बहुतेक एक्स्चेंजवर राउट सर्व्हर असतो. त्याच्याशी एक बीजीपी सेशन केलं की तिथे आपले मार्ग खुले ठेवणारी सगळी नेटवर्क एकदम मिळतात. पण खुले ठेवायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. देशातली मोठी मोबाइल आणि ब्रॉडबँड नेटवर्क सहसा तसं करत नाहीत, कारण तीच जोडणी त्यांना विकायची असते. अशांशी वेगळं बोलावं लागतं, आणि लहान नेटवर्कला ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवावी लागते.

दोन नेटवर्कमधलं ट्रॅफिक खूप वाढलं की ती एक्स्चेंजचा स्विच वगळून एकाच डेटा सेंटरमध्ये आपापसांत थेट फायबर ओढतात. त्याला प्रायव्हेट पिअरिंग म्हणतात. कोण कुठल्या डेटा सेंटरमध्ये आणि कुठल्या एक्स्चेंजवर आहे, हे पिअरिंगडीबी या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही बघता येतं. तिथल्या नोंदी नेटवर्कवाले स्वतः भरतात.

या व्यवहारांत लेखी करार क्वचितच असतो. पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेने २०११ मध्ये १,४२,२१० पिअरिंग जोडण्या तपासल्या, तेव्हा ९९.५१ टक्के नुसत्या शब्दावर चालत होत्या. एवढा मोठा डोलारा शब्दावर उभा आहे याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण कंपनीच्या कायदा विभागाने एसएलए, म्हणजे सेवेच्या दर्जाचा लेखी करार, मागितला तर तो इथे मिळणार नाही, हेही त्यातच आलं.

पिअरिंग फुकट असतं ना?

डेटाचे पैसे बहुधा लागत नाहीत. बाकी सगळ्याचे लागतात. एक्स्चेंजचा पोर्ट, डेटा सेंटरमधली रॅकची जागा आणि वीज, तुमच्या रॅकपासून एक्स्चेंजपर्यंतच्या फायबरचं दरमहा भाडं म्हणजे क्रॉस-कनेक्ट, तुमच्या गावापासून मुंबईपर्यंतची लाइन, बीजीपी पेलणारा राउटर, आणि तो रात्री दोनला उठून बघणारा माणूस. शेवटचा खर्च अंदाजपत्रकात लिहायला लोक विसरतात.

डेटाचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, यावरून मोठ्या कंपन्यांतही भांडणं होतात. ऑक्टोबर २००५ मध्ये लेव्हल थ्री या मोठ्या नेटवर्कने कोजंट या दुसऱ्या मोठ्या नेटवर्कशी पिअरिंग तोडलं, तेव्हा केवळ त्या दोघांपैकी एकावरच विसंबलेल्या ग्राहकांचं इंटरनेट अर्धवट झालं. जर्मनीत डॉइच टेलिकॉम आणि फेसबुकची कंपनी मेटा यांचा वाद कोर्टात गेला, २०२४ मध्ये निकाल मेटाच्या विरोधात लागला आणि मेटाने थेट जोडणी बंद करून ट्रॅफिक तिसऱ्या नेटवर्कमार्गे वळवलं.

पैसे किती वाचतात? खरा हिशेब सांगा.

आधी ट्रान्झिटचं बिल कसं बनतं ते समजून घ्या. बरेच पुरवठादार ९५ पर्सेंटाइलने मोजतात. दर पाच मिनिटांनी वापराची नोंद होते, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ८,६४० नोंदी. त्या उतरत्या क्रमाने लावून वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून देतात, आणि उरलेल्यांत जी सगळ्यात मोठी तिचं बिल येतं. महिन्याला ३६ तासांचा उसळलेला वापर फुकटात जातो. रोज संध्याकाळी दोन तास वापर चढत असेल तर तो मात्र ६० तास होतो आणि बिलात बसतो.

आता उदाहरण. यातले दर निव्वळ हिशेबासाठी धरलेले आहेत, बाजारभाव नव्हेत. समजा तुमचा वापर २,००० एमबीपीएस आहे आणि ट्रान्झिटचा दर एमबीपीएसला १०० रुपये. महिन्याचं बिल २ लाख. ट्रॅफिकपैकी ६० टक्के, म्हणजे १,२०० एमबीपीएस, एक्स्चेंजवर भेटणाऱ्या नेटवर्ककडे जातं. ते पिअरिंगवर वळवलं की ट्रान्झिटमध्ये १,२०,००० रुपये वाचतात. पोर्ट, रॅक, क्रॉस-कनेक्ट आणि मुंबईपर्यंतची लाइन मिळून ९०,००० लागले, तर निव्वळ बचत ३०,००० रुपये. त्यात माणसाचा पगार धरलेला नाही.

हाच वापर ५०० एमबीपीएस असता तर बचत ३०,००० आणि खर्च तोच ९०,०००. दर महिन्याला ६०,००० चा खड्डा. या उदाहरणात बरोबरी १,५०० एमबीपीएसवर होते. तुमचे खरे दर घालून हेच गणित मांडा. ट्रान्झिटच्या करारात किमान वापराची अट असेल, तर ट्रॅफिक कमी करूनही करार संपेपर्यंत बिल उतरत नाही. त्यामुळे आधी कराराची तारीख बघा, मग पोर्टची ऑर्डर द्या.

मग आमच्या कंपनीने स्वतःचं पिअरिंग करावं का?

दोनशे माणसांचं ऑफिस, एक-दोन लीज्ड लाइन, सगळं क्लाउडवर, अशी स्थिती असेल तर बहुतेक करून नाही. लागणारी सामग्रीच मोठी आहे: स्वतःचा एएस नंबर, स्वतःचे आयपी पत्ते (आयपीव्ही४ या जुन्या पत्तेपद्धतीचा २५६ पत्त्यांहून लहान तुकडा जगातली बहुतेक नेटवर्क स्वीकारतच नाहीत), आणि बीजीपी समजणारा अभियंता. भारतात एएस नंबर आणि पत्ते इरिन या नोंदणी संस्थेकडून मिळतात, ती निक्सीच्या छत्राखाली चालते.

करावं ते कोणी? स्थानिक आयएसपींनी तर नक्कीच. होस्टिंग देणाऱ्यांनी, व्हिडिओ किंवा गेमिंग चालवणाऱ्यांनी, देशभरातल्या लाखो ग्राहकांना स्वतःच्या सर्व्हरवरून सेवा देणाऱ्या सॉफ्टवेअर आणि वित्तीय कंपन्यांनी. ज्यांच्याकडून डेटा बाहेर जातो, त्यांना पिअरिंगचा फायदा जास्त.

आम्ही त्यात बसत नाही. मग हे सगळं आमच्या काय कामाचं?

खूप कामाचं, कारण पिअरिंग तुमच्या वतीने तुमचा आयएसपी करत असतो, किंवा करत नसतो. तो नीट निवडलात तर एक रुपया न घालता फायदा मिळतो.

लाइन घेण्याआधी आयएसपीला त्याचा एएस नंबर विचारा आणि पिअरिंगडीबीवर स्वतः बघा. मुंबईत कुठल्या एक्स्चेंजवर आहे, पोर्ट किती मोठा आहे? मग लेखी विचारा: गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, क्लाउडफ्लेअर यांच्याशी जोडणी भारतात आहे का, थेट आहे की कोणामार्फत? गर्दीच्या वेळी पोर्ट किती टक्के भरतो? ऐंशीच्या वर उत्तर आलं तर संध्याकाळी पॅकेट गळणार हे धरून चाला. भरलेल्या पोर्टवरचं पिअरिंग रिकाम्या ट्रान्झिटपेक्षा वाईट असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या कामाच्या पाच-दहा सर्व्हरची यादी द्या आणि करार करण्याआधी चाचणीच्या लाइनवरून त्यांचे ट्रेसराउट घ्या. तुमचं सॉफ्टवेअर ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आहे (ते २०१६ मध्ये सुरू झालं), की मायक्रोसॉफ्टच्या पुण्यातल्या, की सिंगापूरमधल्या सर्व्हरवर? सिंगापूरमध्येच असेल तर जगातलं कुठलंही पिअरिंग ते ५ मिलिसेकंदांवर आणू शकणार नाही. आधी सर्व्हर हलवा.

यूट्यूब आणि नेटफ्लिक्सचा वेग बघून मात्र आयएसपी निवडू नका. त्यांचे कॅश सर्व्हर (व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे) बहुधा आयएसपीच्या आतच ठेवलेले असतात, त्यामुळे तो वेग तुमच्या कामाच्या वाटेबद्दल काही सांगत नाही.

ॲमेझॉनचं डायरेक्ट कनेक्ट आणि मायक्रोसॉफ्टचं एक्स्प्रेसरूट म्हणजेच पिअरिंग का?

नाही. ती क्लाउड कंपन्यांची सशुल्क खासगी जोडणी आहे. तिच्यावरून तुम्ही तुमच्या क्लाउड खात्यातल्या खासगी नेटवर्कपर्यंत पोहोचता, तिला ठरलेली क्षमता आणि करार असतो. क्लाउडमधून महिन्याला बराच डेटा बाहेर काढत असाल तर ती जरूर बघा, कारण अशा जोडणीवर बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर साध्या इंटरनेटपेक्षा कमी असतो. पाचशे-हजार एमबीपीएस वापरणाऱ्या कंपनीला स्वतःच्या पिअरिंगपेक्षा हा मार्ग बरेचदा जास्त परवडतो.

थेट जोडणी म्हणजे जास्त सुरक्षित, असं मानायचं का?

अर्धवट खरं आहे. मधले हात कमी होतात, पण पिअरिंगमुळे डेटा एन्क्रिप्ट होत नाही, ते काम तुमच्याकडेच राहतं. शिवाय बीजीपी मुळात विश्वासावर चालतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी घातलेला मार्ग चुकून जगभर पसरला आणि सुमारे दोन तास जगातल्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेना. आज आरपीकेआय या पद्धतीने आपल्या पत्त्यांवर डिजिटल सही करता येते आणि चुकीचे मार्ग नाकारता येतात. स्वतः पिअरिंग करणाऱ्याने पहिल्या दिवशीच हे लावावं, आणि समोरच्याकडून किती मार्ग घ्यायचे यावर मर्यादा घालावी. पिअरिंग नसेल तर आयएसपीला विचारा, ‘तुम्ही आरपीकेआय तपासता का?’

एक्स्चेंज किंवा डेटा सेंटर बंद पडलं तर?

ट्रॅफिक ट्रान्झिटवर जातं, आणि म्हणूनच ट्रान्झिटमध्ये तेवढी जागा राखून ठेवावी लागते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबई महानगराची वीज गेली होती, ते आठवून बघा. सगळं एका इमारतीत ठेवू नये. समुद्राचंही तसंच आहे. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबलना इजा झाली. दोन्ही मुंबईत उतरतात. मायक्रोसॉफ्टनेही मध्यपूर्वेतून जाणाऱ्या ट्रॅफिकला उशीर होत असल्याचं ग्राहकांना कळवलं. अशा दिवशी ज्यांची आपसांतली जोडणी मुंबईतच झालेली असते, त्यांचं देशातलं काम चालू राहतं. पिअरिंगचा हा लाभ बिलावर दिसत नाही, पण माझ्या लेखी तो पैशाच्या बचतीहून मोठा आहे.

आमचा डेटा भारतातच ठेवायचं बंधन आहे. त्याचा पिअरिंगशी संबंध येतो का?

साठवण आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. सर्व्हर मुंबईत ठेवून तुम्ही साठवणीची अट पाळता, पण ग्राहकापर्यंतची वाट परदेशातून जाऊ शकते. आदेशाचा अर्थ तुमच्या लेखापरीक्षकाकडून समजून घ्या. वाट देशात ठेवायची असेल तर त्याचा उपाय पिअरिंग हाच आहे.

पिअरिंगने व्हिडिओ कॉल सुधारतील का?

कॉल ज्या कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो तिच्याशी तुमच्या आयएसपीची गाठ भारतात पडत असेल तर नक्की फरक पडतो. ऑफिसच्या वायफायमुळे आवाज तुटत असेल तर काहीच फरक पडणार नाही. आधी लॅपटॉपला केबल लावून बघा.

आयपीव्ही६ साठी वेगळं पिअरिंग लागतं का?

आयपीव्ही६ म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. पोर्ट तोच चालतो, बीजीपी सेशन वेगळं करावं लागतं, आणि ते करायचं राहून जातं. मग आयपीव्ही४ मुंबईतून सरळ जातं, आयपीव्ही६ परदेशातून, आणि काही मोबाइल धावतात तर काही रांगतात. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ चा वापर फार मोठा आहे, त्यामुळे ग्राहकांसाठी ॲप चालवणाऱ्याला हे दुखणं लगेच जाणवतं. ट्रेसराउट घेताना दोन्ही पत्त्यांवर घ्या आणि आयएसपीला पाठवायच्या कागदांत दोन्ही निकाल जोडा.